ॲपमधली हवा आणि नळस्टॉपवरची हवा

पुण्यात थंडीत सकाळी घराबाहेर पडताना मी हल्ली मोबाईलवर हवेचा आकडा बघते, सवयच लागलीये. जानेवारीतल्या एका दिवशी आकडा शंभराच्या थोडा वर होता, पिवळा रंग, खाली लिहिलेलं 'मध्यम'. म्हटलं चला, ठीक आहे आज. मुलाला दुचाकीवर मागे बसवलं, वारजेहून निघाले, कर्वेनगर ओलांडून नळस्टॉपला आले आणि एका डिझेल टेम्पोच्या मागे सिग्नलला उभी राहिले. टेम्पोचा सायलेन्सर बरोबर आमच्या दोघांच्या समोर. मागून मुलगा म्हणाला, "आई, नाक झोंबतंय." त्या क्षणी ॲपवर 'मध्यम'च होतं. आणि ॲप खोटं बोलत नव्हतं, हेच मला आज नीट सांगायचंय.

आपण हवेबद्दल बोलताना नेहमी शहराबद्दल बोलतो. पुण्याची हवा, मुंबईची हवा, दिल्लीची तर विचारूच नका. जणू शहरावर एकच चादर अंथरलीये आणि तिच्याखाली आपण सगळे सारखेच झोपलोय. पण हवा अशी सारखी पसरलेली नसते. आणि माणूसही एका जागी नसतो, तो दिवसभर हिंडत असतो. घर, शाळा, स्टॉप, ऑफिस, मंडई, दवाखाना, परत घर. त्याच्या फुप्फुसात किती धूर गेला हे त्याच्या पत्त्यावरून कळत नाही, तो कुठून कुठे, किती वाजता, कशावर बसून आणि कुठे कुठे थांबत गेला यावरून कळतं. माझं म्हणणं इतकंच आहे की ही साधी गोष्ट आपल्या धोरणात कुठेच नाहीये, आणि ती नसल्यामुळे जे लोक सगळ्यात कमी धूर करतात तेच सगळ्यात जास्त धूर खातात.

आधी ॲपचं बघू. एक्यूआय म्हणजे जो आकडा आपण बघतो तो पीएम २.५ च्या, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांच्या, बाबतीत चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. रात्री तीन वाजताची शांत हवा आणि सकाळी साडेनऊची कर्वे रोडची हवा एकाच भांड्यात ढवळून जे मिळतं ते. शिवाय मोजमाप केंद्राचं नाक साधारण तीन ते दहा मीटर उंचीवर असावं असा नियम आहे, कारण केंद्राला त्या भागाची सर्वसाधारण हवा मोजायची असते, एखाद्या सायलेन्सरची नाही. ते योग्यच आहे. शहराची हवा वर्षागणिक सुधारली की बिघडली हे बघायचं असेल तर असंच मोजलं पाहिजे. पुण्याला तर यात अभिमान वाटावा अशी जागा आहे, पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने 'सफर' ही हवा मोजण्याची यंत्रणा उभी केली, आणि नळस्टॉप, स्वारगेट, भोसरी इथे एमपीसीबी, म्हणजे राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ, कित्येक वर्षं आठवड्यातून दोनदा नमुने घेत आलंय. पण दहा मीटर उंचीवर कोणी श्वास घेत नाही हो. गाडीवर बसलेल्या बाईचं नाक जमिनीपासून सव्वा-दीड मीटरवर असतं. मुलांचं त्याहून खाली. आणि सायलेन्सर त्याच्याही खाली, पण अगदी समोर.

रस्त्यावरचा धूर फार लवकर पातळ होतो, ही यातली चांगली बातमी. सगळ्यात बारीक कण, म्हणजे १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान, ते रस्त्याच्या मधोमध प्रचंड असतात आणि काही मीटर बाजूला गेलं की झपाट्याने कमी होत जातात. अमेरिकेतल्या हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये जगभरचे अभ्यास तपासून सांगितलं होतं की मोठ्या रस्त्यापासून ३०० ते ५०० मीटरच्या पट्ट्याला ट्राफिकच्या धुराचा सगळ्यात जास्त त्रास होतो. आता पुण्याचा नकाशा डोळ्यासमोर आणा. कर्वे रोड, सातारा रोड, सोलापूर रोड, नगर रोड, सिंहगड रोड, जुना मुंबई रस्ता, या प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना पाचशे मीटरच्या रेघा ओढल्या तर आत किती शाळा, किती दवाखाने, किती वाडे, किती वस्त्या येतील. आणि घर त्या पट्ट्याच्या बाहेर असलं तरी काय, रोजचं जाणंयेणं तर त्या रेघेच्या मधोमधूनच आहे ना.

इथे एक साधा हिशेब मांडते. किती धूर आत गेला हे तीन गोष्टींवर ठरतं. हवेत धूर किती दाट आहे, त्यात आपण किती वेळ होतो, आणि त्या वेळात आपण किती जोराने श्वास घेत होतो. समजा एखाद्याचा रोजचा प्रवास जाऊन येऊन दोन तासांचा आहे आणि रस्त्यावर धूर इतर जागांच्या तिप्पट आहे. तर उरलेल्या बावीस तासांचे बावीस भाग आणि या दोन तासांचे सहा. म्हणजे दिवसाच्या बाराव्या हिश्श्यात दिवसाचा पाचवा हिस्सा धूर. हे मी हिशेबासाठी धरलेले आकडे आहेत, पण प्रत्यक्ष मोजलेले आकडे पण याच अंगाने जातात. बेल्जियममध्ये ६२ जणांच्या अंगावर यंत्रं बांधून काजळीचे कण मोजले होते, तर त्या लोकांचा प्रवासात गेलेला वेळ दिवसाच्या फक्त ६ टक्के होता, पण त्यांच्या वाट्याला आलेल्या काजळीतली २१ टक्के तिथे आली, आणि श्वासाचा जोर धरला तर प्रत्यक्ष आत गेलेल्यातली साधारण ३० टक्के. हे बेल्जियममध्ये, जिथे बहुतेक लोक बंद गाड्यांत बसतात.

आपल्याकडचं बघायचं तर दिल्लीत २०१० मध्ये रिक्षात बसून मोजमाप झालं होतं. रिक्षातला पीएम २.५ हा शहरातल्या केंद्राच्या आकड्याच्या दीडपट निघाला. दीडपट म्हणजे फार नाही असं वाटेल, पण त्याच रिक्षात काजळी साडेतीनपट आणि अतिसूक्ष्म कणांची संख्या आठपटीहून जास्त होती. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पीएम २.५ मध्ये सगळंच येतं, बांधकामाची बारीक धूळ, कचरा जाळल्याचा धूर, लांबून वाऱ्यासोबत आलेलं. त्यामुळे तो शहरभर बऱ्यापैकी सारखा असतो. पण इंजिनातून ताजं ताजं बाहेर पडतं ते रस्त्यावरच दाट असतं, आणि नेमकं ते आपल्या रोजच्या आकड्यात नीट दिसतच नाही. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने, आयएआरसीने, २०१२ मध्येच पहिल्या गटात टाकलंय, म्हणजे माणसाला कॅन्सर होतो हे सिद्ध झालेल्या गटात. ते आपण सिग्नलला उभं राहून शांतपणे आत घेतो.

आणि थंडीत हे अजून वाईट. पुणे बशीसारखं आहे, बाजूला टेकड्या, मध्ये शहर. रात्री जमीन गार पडते, तिच्याजवळची हवा गार होऊन खाली बसते आणि वर उबदार हवेचं झाकण. डिसेंबरात सकाळी सातला वेताळ टेकडीवर गेलं की हे झाकण डोळ्यांनी दिसतं, शहरावर तपकिरी-करडी पट्टी आडवी पसरलेली आणि तिच्यातून उंच बिल्डिंगांची फक्त डोकी वर. टेकडीवर आपण मस्त मोकळा श्वास घेतो आणि मग खाली उतरून त्याच पट्टीत शिरतो. ऊन तापलं की दहा-अकराच्या पुढे झाकण सुटायला लागतं. पण शाळा साडेसात-आठच्या, ऑफिसं नऊ-दहाची, म्हणजे सगळं शहर झाकण घट्ट असतानाच रस्त्यावर.

मागच्या थंडीत मी एक आठवडा घड्याळ लावून बघितलं की माझ्या प्रवासात पाय जमिनीवर टेकलेले किती वेळ असतात. कारण दुचाकीवाल्याला कळतं, चालत्या गाडीवर वाराच लागतो, खरा धूर थांबल्यावर लागतो. सकाळचा जवळजवळ अर्धा वेळ मी थांबलेली होते. आणि सगळ्यात घाण क्षण कुठला माहितीये, सिग्नल सुटतो तो. साठ-सत्तर गाड्या एकदम ॲक्सिलरेटर पिळतात, बस जोर लावते, डिझेल टेम्पो काळा फुत्कार टाकतो आणि आपण त्याच्या मागून दम लावून निघतो. नळस्टॉपला तर वर मेट्रो, तिच्या खाली उड्डाणपूल आणि त्याच्या खाली आपण. धुराला वर जाऊन पांगायला जागा कुठेय. मेट्रो हवीच होती, माझी त्यावर तक्रार नाही, मी स्वतः जाते मेट्रोने जमेल तेव्हा. पण असा दुमजली पूल बांधताना खालच्या माणसाच्या नाकाशी काय होईल हे कोणी कागदावर मांडलं असेल असं मला वाटत नाही, कारण ते मांडायला सांगणारा नियमच नाही.

स्कार्फचं सांगायलाच पाहिजे. पुण्यातल्या मुली बायका डोळे सोडून सगळं तोंड बांधून गाडी चालवतात, बाहेरगावचे लोक बघत राहतात. मी कॉलेजपासून बांधत आलेय. ऊन, धूळ, केस, सगळ्याला बरं पडतं. पण धुराला नाही. ओढणीच्या विणीतली भोकं पीएम २.५ च्या कणांपुढे म्हणजे उघडं गेट. एन-९५ घट्ट बसला तर कण अडवतो, ९५ टक्के तरी, पण वायू अडवत नाही, नायट्रोजन डायऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड त्यातून सरळ जातात. आणि हेल्मेटच्या आत एन-९५ लावून एप्रिलच्या दुपारी स्वारगेट ते हडपसर रोज जाऊन बघा म्हणजे कळेल हा सल्ला किती दिवस टिकतो. मला मास्कबद्दल बोलायचा राग येत नाही, दमेकऱ्यांनी लावावाच. मला राग येतो तो सगळा प्रश्न मास्कवर आणून सोडण्याचा. नळाला घाण पाणी आलं तर आपण नगरसेवकाला धरतो. हवेसाठी मात्र स्वतःच फडकं बांधतो.

आता कोण किती खातं ते बघा. काचा वर करून, एसी लावून, आतलीच हवा फिरवत ठेवून जाणाऱ्या कारमध्ये कण बरेच कमी होतात (फक्त फार वेळ तसं ठेवलं तर आत कार्बन डायऑक्साइड साचून झोप येते, मधेमधे बाहेरची हवा घ्यावी). म्हणजे रस्त्यावर सगळ्यात जास्त जागा घेणारा आणि माणशी सगळ्यात जास्त इंधन जाळणारा माणूस त्या रस्त्यावरचा सगळ्यात कमी धूर खातो. बसमध्ये बसलेला त्याच्याहून जास्त, कारण दारं खिडक्या उघड्या. रिक्षातला जास्त. दुचाकीवरचा जास्त. आणि चालणारा, सायकलवाला, स्टॉपवर उभा असलेला, ज्यांच्यामुळे या धुरात जवळपास काहीच भर पडत नाही, त्यांना वेळही जास्त लागतो आणि श्वासही जोराने घ्यावा लागतो. बसलेल्या माणसाला मिनिटाला सहा-आठ लिटर हवा लागते, सायकल मारणाऱ्याला त्याच्या तिप्पट-चौपट. पुणे एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जायचं, खडकीच्या कारखान्यात माणसं कुठून कुठून सायकलने जायची. त्या रस्त्यांवर २०१८ सालीच शहरातल्या नोंदलेल्या गाड्या ३६ लाखांच्या वर गेल्या होत्या, आणि सायकलवाला अजून आहे, बांधकामावरचा मजूर, पेपरवाला, वॉचमन, फक्त आपल्याला तो दिसत नाही.

प्रवाससुद्धा ज्यांना नाही, रस्ता हीच ज्यांची कामाची जागा आहे, त्यांचं काय. कर्वे रोडला सकाळी झाडणाऱ्या एक मावशी आहेत, मी मुलाला सोडून परत येताना दिसतात. एकदा थांबून विचारलं, "मावशी, मास्क नाही लावत?" म्हणाल्या, "लावते की. पण झाडताना दम लागतो, जीव घाबरतो, मग खाली ओढते. धुळीचं काय बाई, पाणी मारलं की बसती. ह्या गाड्यांचं काय करायचं?" त्यांच्या एका वाक्यात सगळं आलं. त्या आठ तास तिथे. चौकातला हवालदार तिथे. सिग्नलच्या कोपऱ्यावरचा फुलवाला, वडापावची गाडी, रसवंती, डिलिव्हरीची पोरं जी दिवसभर मुख्य रस्त्यांवरच असतात. यातल्या कोणाचाही पत्ता बघाल तर कदाचित जनता वसाहत, कदाचित धायरी, कदाचित लोहगाव निघेल, आणि त्या पत्त्यावरून त्यांच्या फुप्फुसाचा काहीएक अंदाज येणार नाही.

बायकांचं आणि मुलांचं जाणंयेणं पण हिशेबात येत नाही. वाहतुकीचे सर्व्हे घर ते ऑफिस, ऑफिस ते घर असे सरळ बाण काढतात. माझा बाण सरळ नाहीये. घर, शाळा, सासूबाईंचं औषध, ऑफिस, परत शाळा, भाजी, घर. माझ्या ओळखीतल्या बहुतेक बायकांचा असाच आहे. छोटे छोटे टप्पे, प्रत्येक टप्प्याला चौक, प्रत्येक चौकात थांबणं, आणि हे सगळं गर्दीच्या वेळेलाच, कारण शाळा सुटायची वेळ आपल्या हातात नसते. आणि शाळेच्या गेटबाहेर काय असतं ते प्रत्येक आईबापाला माहितीये. व्हॅन, रिक्षा, कार, दुचाकी, अर्ध्यांची इंजिनं चालू, मध्ये पाचवीतली पोरं त्या सायलेन्सरांच्या अगदी जवळ. मुलांची फुप्फुसं अजून वाढत असतात, वजनाच्या मानाने त्यांना हवा जास्त लागते. ज्या दहा मिनिटांत सगळी शाळा बाहेर येते त्याच दहा मिनिटांत तिथे धूर सगळ्यात दाट. ही गोष्ट तर उद्या सकाळी बंद करता येईल, एक रुपया लागत नाही, गेटपासून शंभर-दोनशे मीटर गाड्या लांब थांबवायच्या आणि इंजिन बंद करायचं.

यावर एक नेहमीचा प्रश्न येतो, मग काय चालायचं नाही? सायकल सोडायची? अजिबात नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी हा हिशेब मांडला होता, व्यायामाचा फायदा एका पारड्यात, धुराचं नुकसान दुसऱ्यात. पीएम २.५ घनमीटरमागे शंभर मायक्रोग्रॅमच्या आसपास असलेल्या शहरातसुद्धा रोज दीड तासाच्या पुढे सायकल चालवली तरच नुकसान फायद्याच्या वर जातं. पुण्याची वर्षाची सरासरी शंभराच्या जवळपास कुठेच जात नाही. तेव्हा चाला, सायकल चालवा, शक्य असेल तर मुख्य रस्ता सोडून. कर्वे रोडऐवजी प्रभात रोडच्या गल्ल्या, कॅनॉल रोड, लक्ष्मी रोडऐवजी सदाशिवातल्या आतल्या बोळातून. एक रस्ता आत गेलं तरी फरक पडतो, तो नाकालाच कळतो. मी स्वतः आता सकाळी पाच-सात मिनिटं जास्त लागली तरी आतून जाते.

पण हा सल्ला देताना मला अवघडल्यासारखं होतं. कारण एक तर सगळ्यांनीच गाड्या घेऊन गल्लीत शिरायचं ठरवलं तर गल्लीचा कर्वे रोड होईल, तिथे खेळणाऱ्या पोरांनी काय पाप केलंय. आणि दुसरं म्हणजे कात्रज किंवा हडपसरला राहणाऱ्याला आतला रस्ता आहेच कुठे? नदी, टेकडी, कॅन्टोन्मेंट, रेल्वे लाईन यांनी शहर असं चिरलंय की दोन पूल आणि एक घाट सोडला तर वाटच नाही. ज्याला पर्याय आहे त्याने निवडावा हे बरोबरच, पण ज्याला पर्याय नाही त्याच्यासाठी शहराने काय केलं हा प्रश्न उरतोच.

शहराने, आणि सरकारने, पैसे खर्च केलेत. २०१९ च्या जानेवारीत राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आला, पुणे त्यात आहे, महाराष्ट्रातली आणखी बरीच शहरं आहेत. पण त्यात शहराचं यश प्रामुख्याने पीएम १० वर मोजतात, ज्यात वजनाने जाड धूळच जास्त असते. मग पैसाही तिकडेच गेला. सीएसई या दिल्लीच्या संस्थेने २०२४ मध्ये तपासलं तेव्हा देशभरातल्या खर्चातला ६४ टक्के पैसा रस्त्यावरची धूळ कमी करण्यात गेलेला होता, आणि वाहनांच्या धुरावर १३ टक्क्यांच्या आत. झाडायची यंत्रं, पाण्याचे फवारे, रस्त्यांचं काँक्रीट. धूळ वाईटच आहे, ती कमी व्हायला पाहिजे. पण मावशी म्हणाल्या तसं, ती पाणी मारलं की बसते. नाकाच्या केसांना न जुमानता थेट रक्तापर्यंत जाणारं जे आहे ते सायलेन्सरमधून येतं, आणि यशाच्या त्या मोजपट्टीत ते जवळजवळ दिसतच नाही.

पीयूसी बघा. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, डिझेलचा काळा धूर किती गडद, एवढंच त्यात बघतात. पीएम २.५ नाही, नायट्रोजनचे ऑक्साइड नाहीत. नव्या गाड्यांच्या धुराचं कडक मानक, बीएस-६, आलं १ एप्रिल २०२० ला, इंधनातलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं, ही खरोखर मोठी गोष्ट झाली आणि ज्यांनी ती रेटली त्यांचं कौतुक करायला पाहिजे. पण त्याआधी विकलेला टेम्पो अजून माझ्यासमोर उभा आहे आणि त्याच्याकडे वैध पीयूसी असणार. इलेक्ट्रिक गाड्या येतायत, पीएमपी या आपल्या शहर बससेवेच्या ई-बसच्या मागे उभं राहिलं की फरक लगेच जाणवतो, गरम वाफ नाही, वास नाही. टायर आणि ब्रेकची झीज तरी राहणारच, ट्राफिक तर तेवढाच राहील, पण नाकासमोरचा सायलेन्सर गेला हे काही थोडं नाही.

मला विचाराल तर सगळ्यात आधी बदलायची गोष्ट म्हणजे बसची वाट बघायचा वेळ. ऐकायला विचित्र वाटेल, हवेच्या लेखात बसचं टाइमटेबल कुठून आलं. पण स्टॉपवर उभं राहणं हा पुण्यातल्या लाखो लोकांच्या दिवसातला सगळ्यात धुराचा भाग आहे. स्टॉप बहुतेक चौकाच्या तोंडाशी, जिथे गाड्या थांबतात आणि जोर लावून सुटतात, तिथेच. बस पाच मिनिटांत आली तर पाच मिनिटांचा धूर, पंचवीस मिनिटांत आली तर पाचपट धूर, इतकं ते सरळ आहे. म्हणजे पीएमपीच्या प्रत्येक वाढीव बसने हवा दोनदा सुधारते, एकदा गाड्या कमी करून आणि एकदा माणसाला रस्त्याच्या कडेवरून लवकर उचलून. हा दुसरा फायदा कुठल्याच अहवालात धरलेला मी बघितला नाही. स्टॉप चौकापासून पन्नास-साठ मीटर पुढे सरकवणं, त्याच्यामागे जागा असेल तर तो रस्त्याच्या कडेपासून आत घेणं, हे पण तसंच. आणि बसला स्वतःची लेन. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर आपणच देशात सगळ्यात आधी बीआरटी सुरू केली होती आणि नंतर आपणच ती तुकड्यातुकड्याने उखडली, कारण कारवाल्यांना लेन अडचणीची वाटली. ती लेन नुसती वेळ वाचवत नव्हती हो. ती बसमधल्या साठ माणसांना धुरातून लवकर बाहेर काढत होती.

फूटपाथचं पण तेच. जेएम रोडचा फूटपाथ रुंद केला तेव्हा लोक सौंदर्यीकरण म्हणाले, काही वैतागले की पार्किंग गेलं. पण चालणारा माणूस गाड्यांपासून चार मीटर लांब गेला, मध्ये झाडं आली, हे आरोग्याचं काम आहे. ११ डिसेंबरला २०२१ पासून लक्ष्मी रोडवर पादचारी दिन होतो, एक दिवस गाड्या बंद. त्या दिवशी तिथे कोणीतरी दुकानाच्या पायरीवर, माणसाच्या नाकाच्या उंचीवर काजळी मोजावी, आणि दुसऱ्या दिवशी परत तिथेच मोजावी. दोन्ही आकडे पाटीवर लिहून चौकात लावावेत. बाकी भाषणाची गरज पडणार नाही.

आणि मोजमाप बदलायला पाहिजे, म्हणजे जुनं काढून टाका असं नाही, त्याच्या जोडीला. बसमध्ये, स्टॉपवर, शाळेच्या गेटवर, हवालदाराच्या छत्रीखाली काजळी आणि नायट्रोजन डायऑक्साइड मोजा. हे शहर हवामानशास्त्राचं माहेर आहे, आयआयटीएम इथे, हवामान खात्याची जुनी कचेरी इथे, विद्यापीठ इथे, मोजायला माणसं कमी नाहीत. आपलं देशाचं पीएम २.५ चं वार्षिक मानक २००९ पासून ४० मायक्रोग्रॅमवर आहे, डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये स्वतःचं ५ वर आणलं. मानकावर वाद घालता येईल, घालायलाच पाहिजे, पण मानक गाठलं तरी ते त्या मोजक्या केंद्रांच्या नाकाला गाठलेलं असेल. मला स्वारगेटच्या स्टॉपवरच्या आजींच्या नाकाचं मानक हवंय.

पुढच्या बजेटच्या आधी वॉर्ड ऑफिसात नागरिकांकडून कामांच्या सूचना मागवतात, दरवर्षी तो फॉर्म निघतो. आपण त्यात बाक, पेव्हर ब्लॉक, दिवे मागतो. मी या वेळी दोन कामं लिहिणार आहे: मुलाच्या शाळेच्या गेटपासून दोनशे मीटर गाड्यांना बंदी, सकाळी आणि दुपारी अर्धा अर्धा तास, आणि नळस्टॉपचा बसस्टॉप चौकाच्या तोंडावरून पुढे. मावशींना पण विचारलंय तुमचं काय लिहू. म्हणाल्या, "माझी झाडायची वेळ पहाटे पाचची करा, गाड्या सुटायच्या आत." तेही लिहिणार आहे, तिसरं.